पोर्शे ९११ चे इंजिन विमानात गेले, त्याची गोष्ट

१/
सन १९८८. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील कर्व्हिल या लहानशा शहरात, मूनी कंपनीच्या कारखान्यातून एक नवे चार आसनी विमान बाहेर पडू लागले. नाव होते एम२०एल. बाहेरून पाहणाऱ्याला ते मूनीच्या इतर विमानांसारखेच वाटे. परंतु त्याच्या नाकात जे इंजिन बसवले होते, त्याचे सख्खे भाऊ जर्मनीच्या महामार्गांवर पोर्शे ९११ या स्पोर्ट्‌स कारमध्ये धावत होते. दोनच वर्षांत हे उत्पादन थांबले. जेमतेम चाळीसएक विमाने बनली आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच विमानांतून ते इंजिनही काढून टाकण्यात आले. इंजिन वाईट होते म्हणून असे झाले का? तसे नव्हते. मग काय घडले, ते या धाग्यात पाहू.

२/
मोटारीचे इंजिन विमानात बसवण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंना १९०३ च्या विमानासाठी हलके इंजिन हवे होते. त्यांनी इंजिने बनवणाऱ्या अनेक कंपन्यांकडे विचारणा केली, पण हवे तसे इंजिन कोणाकडे मिळेना. अखेर त्यांच्या सायकल-दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने काही आठवड्यांत चार सिलिंडरचे, सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन घडवले. त्याची रचना त्या काळच्या मोटार-इंजिनांच्या वळणाचीच होती. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानात अँझानीचे इंजिन होते, आणि अँझानीने नाव कमावले होते ते मोटारसायकलींच्या क्षेत्रात. आरंभी हे दोन व्यवसाय वेगळे नव्हतेच.

३/
आपल्या कथेतील पोर्शे घराण्याचा विमानाशी संबंधही इतकाच जुना. फर्डिनांड पोर्शे १९०६ मध्ये ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथील ऑस्ट्रो-डाइम्लर कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले. तेथे त्यांनी मोटारींबरोबर विमानांसाठीही इंजिने घडवली. कबुतरासारख्या पंखांचे प्रसिद्ध ‘एट्रिख टाउबे’ विमान ऑस्ट्रो-डाइम्लरच्या इंजिनावर उडाले. म्हणजे पोर्शे हे नाव स्पोर्ट्‌स कारशी जोडले जाण्याच्या कितीतरी आधी विमान-इंजिनाशी जोडले गेले होते. वीनर नॉयश्टाट हे गाव मात्र लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी आपण पुन्हा तेथे येणार आहोत.

४/
मग वाटा वेगळ्या का झाल्या? उत्तर शोधण्यासाठी १९२९ मधील एक प्रयोग पाहू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल या स्वशिक्षित कारागिराने लाकूड आणि कापड यांचे विमान बांधून त्यात फोर्ड मॉडेल ए या साध्या मोटारीचे इंजिन बसवले. रेडिएटर थेट वैमानिकाच्या नजरेसमोर उभा! तरीही ते विमान उत्तम उडाले. त्याचे आराखडे पुढे प्रसिद्ध झाले आणि आजही हौशी लोक ते विमान बांधतात. या इंजिनाची क्षमता होती ३.३ लिटर आणि शक्ती अवघी ४० अश्वशक्ती. हे दोन आकडे मनात ठेवा.

५/
कारण पोर्शेच्या विमान-इंजिनाची क्षमता होती ३.२ लिटर, म्हणजे फोर्डपेक्षा किंचित कमीच, पण शक्ती २०० अश्वशक्तीहून अधिक. पाचपट फरक कोठून आला? काही भाग उत्तम इंधनाचा आणि सुधारित रचनेचा. मोठा भाग गतीचा. फोर्डचे इंजिन मिनिटाला सुमारे २२०० फेरे घेत असे, तर पोर्शेचे ५३००. स्पोर्ट्‌स कारचे सारे गुपित यातच आहे: लहान इंजिन वेगाने फिरवून त्यातून मोठी शक्ती काढायची. रस्त्यावर हा गुण ठरतो. विमानात मात्र नेमकी येथूनच अडचण सुरू होते.

६/
समजा १.९ मीटर व्यासाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, मिनिटाला ५३०० फेरे घेऊ लागला. एका फेऱ्यात त्याचे टोक सुमारे सहा मीटर अंतर कापते. म्हणजे सेकंदाला पाचशे मीटरांहून अधिक. ध्वनीचा वेग आहे सेकंदाला सुमारे ३४० मीटर. टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेले की पंख्याची कार्यक्षमता ढासळते आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो. म्हणून लहान विमानांच्या इंजिनांनी वेगळा मार्ग धरला: इंजिन मोठे, पण संथ. लायकमिंग कंपनीचे २०० अश्वशक्तीचे प्रसिद्ध आयओ-३६० इंजिन ५.९ लिटरचे आहे आणि ते २७०० फेऱ्यांवर थेट पंखा फिरवते. मध्ये गिअर नाही.

७/
जलद इंजिनाला मंद पंखा जोडायचा तर मध्ये गती कमी करणारे गिअर हवेत. हे बोलायला सोपे, करायला कठीण. इंजिनाचा प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला एक झटका देतो. पंखा जड असल्यामुळे तो झटक्यासरशी वेग बदलायला नकार देतो. या ओढाताणीत पोलादी दांडा स्प्रिंगसारखा पिळवटतो व सुटतो. झटक्यांची लय दांड्याच्या स्वाभाविक लयीशी जुळली की कंपने वाढत जातात आणि गिअरचे दाते किंवा दांडा तुटतो. मोटारीत क्लच, टायर आणि लांब दांडे हे झटके पचवतात. विमानात तशी सोय नसते. मोटार-इंजिनाचे रूपांतर करणाऱ्या अनेकांचे प्रयत्न याच ठिकाणी फसले आहेत.

८/
दुसरा फरक भाराचा. सपाट महामार्गावर बेताच्या वेगाने जाणारी मोटार इंजिनाच्या कमाल शक्तीचा लहानसा हिस्सा वापरते. पूर्ण शक्ती लागते ती ओलांडून पुढे जाताना किंवा घाट चढताना, आणि तीही काही क्षण. विमान मात्र उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती मागते आणि नंतर तासन्‌तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालते. विमान-इंजिन जणू न संपणारा घाट चढत असते. शिवाय मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात कडेला थांबायची जागा नाही. म्हणूनच विमान-इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन स्वतंत्र इग्निशन-व्यवस्था असतात.

९/
तिसरा अडथळा धातूचा नव्हता, कागदाचा होता. विकायच्या विमानात बसणाऱ्या इंजिनाला सरकारी यंत्रणेचे ‘प्रकार-प्रमाणपत्र’ लागते. अमेरिकी नियमांनुसार त्यासाठीच्या सहनशक्ती-चाचणीत इंजिन दीडशे तास कठोर भाराखाली चालवावे लागते आणि नंतर ते सुटे करून प्रत्येक भाग तपासला जातो. पुढे एखादा लहान भाग बदलायचा तरी मान्यता हवी. हे नियम अपघातांतील अनुभवातून आले आहेत, त्यांना दोष देता येत नाही. पण त्यांचा एक परिणाम असा झाला की १९५० च्या दशकात मान्यता मिळवलेल्या इंजिनांचेच कुळ पुढे दशकानुदशके चालत राहिले. नवे इंजिन आणण्यापेक्षा जुने चालू ठेवणे स्वस्त पडे.

१०/
आता जर्मनीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीत विमाने बांधण्यास आणि इंजिनवर उडवण्यास बंदी होती. पश्चिम जर्मनीला आकाशावरचा अधिकार परत मिळाला तो १९५५ मध्ये. लहान विमाने बनवू पाहणाऱ्यांना हलकी इंजिने हवी होती आणि देशात अशी इंजिने हाताशी होती ती मोटारींची. फोक्सवॅगनचे चार सिलिंडरचे इंजिन हवेने थंड होई. ना रेडिएटर, ना पाणी. त्यापासूनच विकसित झालेले इंजिन पोर्शे ३५६ या स्पोर्ट्‌स कारमध्ये होते. पोर्शेने त्याचे विमानी रूप ‘६७८’ या क्रमांकाने काढले. आरडब्ल्यू-३ मल्टोप्लान आणि पुट्झर एल्स्टर या लहान जर्मन विमानांत ते वापरले गेले.

११/
१९६३ मध्ये पोर्शेने ९११ ही मोटार जगापुढे मांडली. तिच्या इंजिनाकडे विमान-अभियंत्याच्या डोळ्यांनी पाहा. सहा सिलिंडर, तीन-तीन समोरासमोर आडवे. त्यामुळे उंची कमी आणि चाल अतिशय समतोल. थंड करणारी हवा. पाणी गळण्याची भीती नाही. तेल इंजिनाच्या तळाशी न साठता वेगळ्या टाकीत राहते, त्यामुळे वाहन कितीही कलले तरी वंगण अखंड मिळते. हवेने थंड होणारे, आडव्या सिलिंडरांचे इंजिन ही तर लायकमिंग आणि काँटिनेन्टल या विमान-इंजिन कंपन्यांचीही आवडती मांडणी. ९११ चे इंजिन जन्मापासूनच विमानाच्या नात्यातले होते, असे म्हणता येईल.

१२/
हे इंजिन आधी आकाशात गेले ते विमानातून नव्हे, वायुयानातून. ब्रिटनच्या एअरशिप इंडस्ट्रीज कंपनीचे हीलियमने भरलेले ‘स्कायशिप ५००’ हे वायुयान १९८१ मध्ये उडाले. त्याला दोन पोर्शे इंजिने होती. ती गोंडोलाच्या आत बसवलेली असत आणि वळवता येणाऱ्या, कड्यात बसवलेल्या पंख्यांना फिरवत. १९८५ च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’ या जेम्स बाँड चित्रपटातील वायुयान पाहिले असेल, तर तुम्ही या इंजिनांचे काम पाहिले आहे. वायुयानाला घाई नसते आणि इंजिन थांबले तरी ते लगेच खाली येत नाही. त्यामुळे स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाला आकाशाची सवय होण्यास ही सौम्य शाळाच ठरली.

१३/
याच सुमारास पोर्शेच्या प्रमुखपदी एक वेगळा माणूस आला होता. पीटर शुट्झ यांचा जन्म १९३० मध्ये बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला. नाझींच्या राजवटीत कुटुंबाने देश सोडला; क्युबामार्गे ते अमेरिकेत पोहोचले. इंजिन-उद्योगात कारकीर्द घडवलेले शुट्झ १९८१ मध्ये पोर्शेचे प्रमुख झाले तेव्हा ९११ बंद करण्याचा विचार चालू होता. अभियंता हेल्मुट बॉट यांच्या भिंतीवरील तक्त्यात ९११ ची रेघ १९८१ पाशी थांबत होती. शुट्झ यांनी पेन उचलून ती रेघ कागदाच्या कडेपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे भिंतीवर ओढत नेली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. हेच शुट्झ स्वतः वैमानिक होते.

१४/
शुट्झ यांच्या काळात ‘पोर्शे फ्लूगमोटर’, म्हणजे पोर्शे विमान-इंजिन, अर्थात पीएफएम ३२०० आकाराला आले. १९८४ मध्ये त्याला जर्मन विमान-यंत्रणेचे प्रमाणपत्र मिळाले. अभियंत्यांनी मोटारीचे इंजिन उचलून जसेच्या तसे विमानात ठेवले नव्हते. युरोपातील ९११ कॅरेराचे ३.२ लिटरचे इंजिन ५९०० फेऱ्यांवर २३१ अश्वशक्ती देई. विमानी रूपाची मर्यादा ५३०० फेरे आणि सुमारे २१० अश्वशक्तीवर आणली गेली, कारण येथे शक्तीपेक्षा सातत्य मोलाचे. गिअरमुळे पंख्याचे फेरे सुमारे २३४० वर उतरत. मागील गणित पुन्हा करून पाहा: पंख्याचे टोक आता सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने फिरते, ध्वनीच्या बरेच मागे.

१५/
या इंजिनाची खरी नवलाई वैमानिकाच्या हाताशी होती. त्या काळच्या अशा विमानात वैमानिकापुढे तीन दांडे असत: एक शक्तीचा, एक पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून फेरे ठरवणारा, आणि एक इंधन व हवा यांचे मिश्रण साधणारा. उंची वाढली की हवा विरळ होते, म्हणून मिश्रण हाताने बदलावे लागते. त्यात चूक झाली तर इंजिन तापते किंवा बंद पडते. पोर्शेने हे तिन्ही दांडे काढून एकच ठेवला. पुढे ढकलला की शक्ती वाढते, मागे ओढला की कमी होते. बाकीचे काम यंत्रणा स्वतः करते. मोटारीतला ॲक्सिलरेटर जणू विमानात आला.

१६/
दुसरे वैशिष्ट्य थंड करण्याचे. नेहमीच्या विमान-इंजिनाला समोरून येणारी हवा थंड करते. वैमानिकाने शक्ती कमी करून विमान वेगाने खाली आणले तर तापलेल्या सिलिंडरांवर एकाएकी थंड झोत येतो आणि धातूला तडे जाण्याचा धोका असतो. पोर्शेने मोटारीप्रमाणेच इंजिनावर चालणारा स्वतःचा शीतपंखा ठेवला. त्यामुळे थंडावा विमानाच्या वेगावर अवलंबून राहिला नाही. ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या आणि त्याला सोडून भरकन खाली येणाऱ्या विमानांसाठी हा गुण फार मोलाचा. फ्रान्सच्या रोबॅं कंपनीने आपल्या डीआर४०० या ग्लायडर ओढणाऱ्या विमानात हे इंजिन बसवले. मंद पंखा आणि चांगल्या सायलेन्सरमुळे आवाजही कमी होता.

१७/
विश्वासार्हता सिद्ध करण्यासाठी पोर्शेने जुना, खात्रीचा मार्ग निवडला: जगप्रवास. पीएफएम इंजिन बसवलेल्या एका मूनी विमानाने १९८५-८६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाळवंटातील उष्णता, ध्रुवाजवळची थंडी, समुद्रावरील दीर्घ पल्ले. सर्व प्रकारच्या हवेत इंजिन चालले. एक काळ असा होता की उड्डाणविषयक नियतकालिकांना वाटू लागले, लहान विमानांच्या इंजिनांत तीस वर्षांनी खरोखर काही नवे घडते आहे. मूनी कंपनीने या इंजिनासाठी आपल्या विमानाचे शरीर लांब केले आणि एम२०एल तयार झाले. त्यातील इंजिनाची शक्ती २१७ अश्वशक्ती होती.

१८/
पण बाजारात प्रश्न वेगळा विचारला जातो: पैशाच्या मोबदल्यात काय मिळते? गिअर, शीतपंखा, दुहेरी विद्युत-व्यवस्था यांमुळे इंजिन जड झाले होते. लांब शरीराने वजन आणखी वाढले. मूनीचेच जुने एम२०जे हे विमान लायकमिंगच्या २०० अश्वशक्तीच्या साध्या इंजिनावर जवळपास तेवढ्याच वेगाने उडे आणि किंमत कमी. लायकमिंग दुरुस्त करणारे मिस्त्री प्रत्येक धावपट्टीवर सापडत. पोर्शेसाठी विशेष प्रशिक्षण आणि दूरवरून येणारे सुटे भाग लागत. एम२०एल अधिक शांत होते, चालवायला सोपे होते, पण या गुणांसाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक थोडे निघाले.

१९/
त्यातच काळ प्रतिकूल होता. अमेरिका ही लहान विमानांची सर्वांत मोठी बाजारपेठ. १९७८ मध्ये तेथील कंपन्यांनी सतरा हजारांहून अधिक लहान विमाने विकली. दहा वर्षांत हा आकडा हजार-बाराशेवर घसरला. मंदी आणि चढे व्याजदर ही काही कारणे. दुसरे कारण न्यायालयीन: तीस वर्षे जुने विमान कोसळले तरी निर्मात्यावर भरपाईचा दावा होऊ शके, त्यामुळे प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत विम्याचा प्रचंड भार मिसळला जाई. १९८६ मध्ये सेसना कंपनीने आपली एका पिस्टन-इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. पोर्शेचे इंजिन या ओसरत्या बाजारात उतरले होते. आणि पोर्शेसारखी धनवान मानली जाणारी कंपनी अशा दाव्यांसाठी सोपे लक्ष्य ठरली असती.

२०/
खुद्द पोर्शेचे घरही पेटले. कंपनीच्या मोटारी मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत विकल्या जात. डॉलर घसरला, जर्मन मोटारी तेथे महाग झाल्या, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९८६ मध्ये अमेरिकेतील विक्री तीस हजारांच्या आसपास होती. १९९३ पर्यंत ती चार हजारांच्याही खाली गेली. १९८७ च्या अखेरीस शुट्झ यांना पद सोडावे लागले. विमान-इंजिनाचा पाठीराखा गेला. जी कंपनी स्वतःच्या अस्तित्वासाठी झगडत होती, तिला वर्षाला मूठभर खपणारे इंजिन जोपासणे परवडणारे नव्हते. १९९१ मध्ये पीएफएमचे उत्पादन थांबले. एकूण इंजिने बनली ती ऐंशीच्या आसपास.

२१/
आता त्या चाळीसएक कुटुंबांचा विचार करा, ज्यांनी एम२०एल विकत घेतले होते. मोटारीची कंपनी बंद पडली तरी ओळखीचा मिस्त्री जुगाड करून गाडी चालू ठेवतो. विमानात तसे करता येत नाही. मान्यता असलेला भाग मिळाला नाही, तर उत्तम स्थितीतले विमानही कायद्याने जमिनीवर उभे राहते. पोर्शेने उत्पादन बंद केल्यावर काही काळाने इंजिनामागचा आधारही काढून घेतला. अनेक मालकांनी मोठा खर्च करून आपल्या विमानात काँटिनेन्टलचे नऊ लिटरचे, संथ, गिअरविरहित आयओ-५५० इंजिन बसवून घेतले. नव्या युगाचे म्हणून घेतलेले विमान पुन्हा जुन्या वंशाच्या इंजिनावर उडू लागले.

२२/
माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. विमान-इंजिन ही एकदा विकून मोकळे होण्याची वस्तू नाही. ते तीस-चाळीस वर्षांचे वचन असते: सुटे भाग देऊ, दोष आढळला तर कळवू, दुरुस्तीची पद्धत सांगू, न्यायालयात उत्तर देऊ. लायकमिंगचे इंजिन तंत्राने मागासलेले असेल, पण त्यामागे ते वचन पाळण्याची सवय होती. पोर्शेच्या अभियंत्यांनी कंपनांवर मात केली, आवाजावर केली, तीन दांड्यांच्या कटकटीवरही केली. पण वचन पाळणे हे अभियंत्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. ते कंपनीच्या ताळेबंदावर, डॉलरच्या भावावर आणि एका प्रमुखाच्या आवडीवर टांगलेले होते.

२३/
हे पटवून देणारा उलटा दाखला हौशी विमान-बांधणाऱ्यांचा. स्वतः बांधलेल्या विमानाला अमेरिकेत ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो. तेथे इंजिनाला प्रकार-प्रमाणपत्राची सक्ती नसते. त्यामुळे या वर्गात मोटार-इंजिनांची परंपरा कधी खंडित झाली नाही. माझदा आरएक्स-७ या स्पोर्ट्‌स कारचे रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो, अनेकांनी आपल्या विमानात बसवले. हलणारे भाग थोडे, कंपने कमी. अर्थात येथेही गिअर लागतोच आणि थंड करण्याची व्यवस्था स्वतः घडवावी लागते. पण वचन देणारा आणि घेणारा एकच माणूस असल्यामुळे कोणी कोणाला सोडून जात नाही. त्याची किंमत म्हणजे सारी जोखीमही त्याचीच.

२४/
मग प्रमाणित विमानांत मोटार-इंजिन पुन्हा आलेच नाही का? आले, आणि यशस्वीही झाले. पण स्पोर्ट्‌स कारचे नव्हे. जर्मनीच्या थिलर्ट कंपनीने मर्सिडीज ए-क्लास या कौटुंबिक मोटारीच्या १.७ लिटर डिझेल इंजिनाचे रूपांतर केले आणि २००२ मध्ये त्याला मान्यता मिळवली. गिअर होता, एकच दांडा होता, नियंत्रण संगणकाकडे होते. विमान-पेट्रोलमध्ये आजही मोठ्या प्रमाणावर शिसे मिसळले जाते, तर हे इंजिन जेट विमानांच्या सहज मिळणाऱ्या इंधनावर चाले. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीने ते आपल्या विमानांत बसवले. आणि २००८ मध्ये थिलर्ट दिवाळखोरीत गेली! सुटे भाग आणि हमी यांचा प्रश्न पुन्हा एकदा उभा राहिला.

२५/
पण या वेळी गोष्ट तेथे संपली नाही. डायमंडने मर्सिडीजच्याच दुसऱ्या डिझेल इंजिनावर आधारित स्वतःचे विमान-इंजिन घडवण्यासाठी ऑस्ट्रो इंजिन ही कंपनी उभारली. विमान बनवणारा आणि इंजिनाचे वचन देणारा आता एकाच छताखाली आले. थिलर्टचा वारसाही नव्या मालकांकडे जाऊन टिकला. महाराष्ट्रातील वाचकांना हे दूरचे वाटू नये: गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील वैमानिक-प्रशिक्षण संस्थेत डायमंडची डीए४२ विमाने वापरली गेली आहेत. विदर्भाच्या आकाशात उड्डाणाचे धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे शक्तीचे दांडे असतात ते इंजिनामागे एक. मिश्रणाचा आणि पात्यांचा दांडा नाही. पोर्शेने ज्याचा आग्रह धरला होता, तीच ही सोय.

२६/
आणि ऑस्ट्रो इंजिनचा कारखाना कोठे आहे? वीनर नॉयश्टाटमध्ये. जेथे शंभर वर्षांपूर्वी फर्डिनांड पोर्शे मोटारींबरोबर विमानांची इंजिने घडवत होते, त्याच गावात. मूनीचे ते लांब केलेले शरीरही वाया गेले नाही. पुढची ओव्हेशनसारखी विमाने त्याच शरीरावर, पण काँटिनेन्टलच्या इंजिनाने उडाली. एखादे यंत्र बाजारात अपयशी ठरले म्हणजे त्यातील विचार चुकीचा होता, असे इतिहास सांगत नाही. विचार पुढे जातात. मात्र त्या यंत्रावर विश्वास ठेवून पैसे मोजलेल्या माणसांनाही मागे सोडू नये, हा धडा आकाशात फार महाग पडतो.

धागा येथे संपला. मोटार आणि विमान यांच्या नात्यातील तुम्हाला ठाऊक असलेली एखादी हकिकत असेल तर खाली अवश्य लिहा.